डिजिटल चित्रकलेची सुरुवात पेन्सिलनेच करा

आपल्या वस्त्यांमधील अनेक मुलामुलींचा चित्रकलेत हात चांगला असतो. शाळेत असताना त्यांनी एलिमेंट्री, इंटरमिजिएट या परीक्षा दिलेल्या असतात. पण दहावीनंतर चित्रकलेची वही बंद होते ती कायमचीच. "आता सगळं डिजिटल आहे, त्याला महागडा टॅब लागतो, तो आणायचा कुठून?" हा प्रश्न युवकांसोबत काम करताना वारंवार कानावर येतो.

या प्रश्नामागे एक गैरसमज आहे. चित्र यंत्र काढत नाही, माणूसच काढतो. डिजिटलमध्ये कागद आणि रंग बदलतात. प्रमाण, रेषा आणि छायाप्रकाश यांची जाण मात्र तीच लागते, आणि ती पेन्सिलने मिळते.

अजिंठ्याचेच उदाहरण घ्या. तिथल्या चित्रकारांनी भिंतीवर मातीचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ थर चढवला. मग गेरूच्या लाल रेषेने आकृती रेखाटली, आत रंग भरले आणि शेवटी गडद रेषेने आकार पक्के केले. आधी रेखाटन, मग रंग, मग पक्की रेषा. डिजिटल चित्रातही बहुतेक वेळा हाच क्रम असतो.

सुरुवात अशी करता येईल.

१. कोऱ्या कागदावर एचबी पेन्सिलने हलक्या हाताने मोठे आकार मांडा. डोके अंडाकृती, धड चौकोनी असे. डोळे, बोटे, कपड्यांच्या चुण्या नंतर. आकार जमल्यावर टूबी पेन्सिलने योग्य रेषा ठळक करा आणि बाकीच्या खोडा. उजेड कोणत्या बाजूने येतो, ते कोपऱ्यात बाण काढून ठरवून ठेवा.

२. दिवसाउजेडी खिडकीजवळ कागदाचा फोटो घ्या. फ्लॅश बंद ठेवा. मोबाईल कागदाला समांतर धरा, नाहीतर चेहरा ताणलेला दिसेल. कॉन्ट्रास्ट वाढवला की कागद पांढरा आणि रेषा काळी होते.

३. मोबाईलवर आयबिस पेंट किंवा संगणकावर क्रिता वापरा. दोन्ही मोफत मिळतात. चित्र छापायचे असेल तर कॅनव्हासचा आकार आधीच ठरवा. ए-फोर कागदासाठी ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. लहान चित्र नंतर मोठे केले तर ते धूसर होते.

४. आता लेअर समजून घ्या. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. रेखाटनाचा लेअर सर्वांत वर ठेवून त्याला 'मल्टिप्लाय' हा पर्याय द्या. पांढरा भाग दिसेनासा होतो, रेषा राहते. त्याच्या खालच्या लेअरवर सपाट रंग भरा. सावलीसाठी या दोहोंच्या मधे वेगळा लेअर घ्या. सावली चुकली तर तेवढीच पुसता येते, बाकीचे चित्र शाबूत राहते.

५. बोटाने किंवा साध्या स्टायलसने काही महिने काम करा. सराव टिकला तरच पेन टॅब्लेट घेण्याचा विचार करा. त्यात पेनच्या दाबानुसार रेषा जाड-बारीक होते. साधा टॅब्लेट काही हजार रुपयांत मिळतो, आणि गटाने मिळून एक घेतला तरी चालतो.

दोन सवयी मात्र टाळायला हव्यात. एक म्हणजे नेटवरचा फोटो खाली ठेवून सतत गिरवणे. त्याने हात फिरतो, नजर तयार होत नाही. दुसरी म्हणजे प्रत्येक रेषेला 'अनडू' करणे. कागदावर चुकलेली रेषा समोर राहते, म्हणून पुढची सुधारते. तेव्हा रोज अर्धा तास कागदावर समोर दिसेल ते काढावे. पाण्याचा हंडा, शिलाई मशीन, नाक्यावर उभी माणसे.

हे केवळ छंदापुरते नाही. कार्यक्रमाची पोस्टर, पुस्तकांची मुखपृष्ठे, लहान मुलांची चित्रपुस्तके यांची गरज चळवळीलाही आहे आणि बाजारालाही. आज बहुतेक ठिकाणी नेटवरून उचललेली तीच ती चित्रे दिसतात. आपल्या आईचे हात, आपल्या गल्लीतले नळ, आपल्या माणसांचे चेहरे त्यात नसतात. ते आपणच काढले पाहिजेत. त्यासाठी लागणारी पेन्सिल दप्तरात आहे आणि मोबाईल खिशात आहे. बंद पडलेली वही उघडायची तेवढी बाकी आहे.