चौकमंडप
चौकमंडप : शहरातील वर्दळीच्या चौकात पादचाऱ्यांना सावली, पावसापासून आडोसा व क्षणभर विसावा मिळावा म्हणून उभारलेली लहान, बहुधा चारी बाजूंनी खुली असलेली सार्वजनिक वास्तू. जोते, खांब व छत ही तिची प्रमुख अंगे होत.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात वड-पिंपळाभोवती बांधलेला दगडी पार हे कार्य परंपरेने करीत आला आहे. वाई (जि. सातारा) येथील काशीविश्वेश्वर मंदिरापुढील अठराव्या शतकातील नंदिमंडप हे खांबांवर पेललेल्या खुल्या वास्तूचे परिचित उदाहरण होय. सार्वजनिक गणेशोत्सवाचा १८९३ पासून प्रसार झाल्यावर चौकाचौकांत तात्पुरते मांडव पडू लागले. मिरजेतील विसर्जन मिरवणुकीच्या स्वागतकमानीही याच प्रकारात मोडतात. मांडव उत्सवानंतर उतरविला जातो. चौकमंडप मात्र कायम राहतो. त्यामुळे त्याच्या आखणीतील चूकही कायमची ठरते.

जागेची निवड : सकाळ, दुपार, संध्याकाळ व बाजाराचा दिवस अशा निरनिराळ्या वेळी लोक चौक कोठून ओलांडतात, याची पाहणी आधी करावी लागते. चालण्याच्या वाटेवर मंडप आल्यास तो अडथळा होतो, फार दूर गेल्यास ओस पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १·८ मी. रुंद व २·२ मी. उंच जागा निर्वेध असावी लागते. वळणावरील वाहनचालकाची दृष्टी अडणार नाही, हेही पाहावे लागते. साताऱ्यातील पोवई नाक्यावर २०२१ मध्ये भुयारी मार्ग खुला होऊन वाहतुकीची मांडणी बदलली. अशा बदलानंतर पूर्वीची पाहणी नव्याने करावी लागते.

छत व सावली : सातारा व सांगली १७° उ. अक्षांशाच्या आसपास असल्याने मेच्या पूर्वार्धात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो व सावली छताखालीच पडते. तिसऱ्या प्रहरी सूर्य क्षितिजापासून ४५° उंचीवर आला असता ३ मी. उंचीच्या छताची सावली ३ मी. पूर्वेकडे सरकते. म्हणजे ३ मी. रुंदीच्या मंडपाखाली ऐन उन्हात सावली उरत नाही. यासाठी छत उगाच उंच न करता पश्चिमेस झाड राखणे किंवा झडपांची जाळी बसविणे हितावह असते.

पाऊस, पूर व भूकंप : ५ मी. × ५ मी. छतावर २५ मिमी. पाऊस पडल्यास ६२५ लिटर पाणी जमते. ते पदपथावर न सोडता पन्हळीवाटे गटारात न्यावे लागते. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट) आणि मारुती चौक, टिळक चौक हे भाग पाण्याखाली गेले. खुल्या मंडपातून पुराचे पाणी विनाअडथळा वाहून जाते. तथापि दिव्यांची जोडणी उंचावर, बैठका दगडी व फरशी गाळ धुऊन काढता येईल अशी असावी लागते. कोयना भूकंपाचा (११ डिसेंबर १९६७) अनुभव लक्षात घेता जड दगडी छतापेक्षा खांबांशी पक्के जखडलेले हलके छत अधिक सुरक्षित होय.

जोते व प्रवेश : उंच जोते शोभिवंत दिसले, तरी वृद्धांना व अपंगांना ते दुर्गम होते. म्हणून ते कमी उंचीचे ठेवून १:१२ पेक्षा तीव्र नसलेला उतरता मार्ग देतात.

सार्वजनिकता : भिंती नसणे हा चौकमंडपाचा विशेष, परंतु त्यामुळेच तो बळकावणेही सोपे जाते. प्रथम फलक, मग टपरी, शेवटी कुलूपबंद जाळी, अशा क्रमाने सार्वजनिक सावली खाजगी होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते व पदपथ यांवर पुतळे वा अन्य बांधकामे करण्यास परवानगी देण्यावर निर्बंध घातले. मात्र सार्वजनिक सोयींची कामे त्यांतून वगळली. चौकमंडप या अपवादात बसतो, तो केवळ सर्वांची सोय म्हणूनच. म्हणून त्याची देखभाल, झाडलोट व दिवाबत्ती कोणाकडे राहील आणि तेथे काय लावता येणार नाही, हे नगरपालिकेने वा महानगरपालिकेने आराखड्याबरोबरच ठरविणे आवश्यक असते. कोणाचीही परवानगी न घेता कोणालाही टेकता येणे, हीच अशा वास्तूच्या यशाची खरी कसोटी होय.