कोंबड्या ठणठणीत, मग टर्की कशाने मेली?

"आमच्या कोंबड्यांना काही झालं नाही, मग टर्कीच कशी मेली? रोग असता तर आधी कोंबड्या गेल्या असत्या ना!"

वाळूज, रांजणगाव, जोगेश्वरी या पट्ट्यात घरामागे खुराडं असलेल्या कुणाशीही टर्कीचा विषय काढा, हे वाक्य ऐकायला मिळणारच. एमआयडीसीत पाळ्या सांभाळून पाच-दहा गावरान कोंबड्या पाळणारी ही मंडळी. त्यात हौसेने टर्कीची पिल्लं आणली जातात, एकाच अंगणात, एकाच पाण्याच्या भांड्यावर वाढतात. काही आठवडे सगळं छान. मग पावसाळ्यात एक पिल्लू पंख सोडून कोपऱ्यात उभं राहतं, खाणं टाकतं आणि मरतं. पाठोपाठ दुसरं. निदान शेजारीच करून मोकळे होतात: विदेशी पक्षी, आपली हवा मानवली नाही.

आधी हवेचा निकाल लावू. मुकर्रबखानाने 1612 मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहासाठी टर्की नेली आणि उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं. म्हणजे हा पक्षी आपल्याकडे येऊन चारशे वर्षं झाली. मुळात तो मेक्सिकोचा, बर्फाळ मुलखातला नव्हे. आज चेन्नईत विकसित केलेली नंदनम टर्की-1 आणि इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची कारी-विराट या जाती आपल्याच देशात वाढतात. चेन्नईचा उन्हाळा ज्याला चालतो त्याला वाळूजची हवा मारते, हे काही पटत नाही. पिल्लं लहानपणी नाजूक असतात, ऊब आणि कोरडी जागा मागतात, एवढं मात्र खरं.

आता मूळ वाक्याकडे. कोंबड्या आजारी दिसत नाहीत, म्हणून रोग नाही, हा तर्क बहुतेक रोगांत चालून जाईल. इथे तो नेमका उलटा पडतो. टर्कीच्या या मरणामागे अनेकदा हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी असतो. रोगाला ब्लॅकहेड म्हणतात. कोंबडीच्या पोटात तो बहुधा गुपचूप राहतो. तिला हगवण नाही, सुस्ती नाही, फार तर अंडी थोडी कमी. तिच्याच विष्ठेतून तो अंगणात पसरतो आणि टर्कीच्या पोटात गेला की आतडं आणि यकृत पोखरतो. टर्कीच्या कळपात साथ शिरली तर बहुतेक सगळे पक्षी जाऊ शकतात. तेव्हा 'कोंबड्या ठणठणीत आहेत' हा पुरावा टर्की सुरक्षित असल्याचा धरता येत नाही. रोग वाहणारा पक्षी दिसायला असाच ठणठणीत असतो!

या परजीवीच्या प्रवासाची तऱ्हा समजून घेतली की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. हा परजीवी उघड्यावर पडला तर काही तासांतच मरतो. पण कोंबडीच्या आतड्याला शेवटाकडे दोन बंद टोकांच्या नळ्या असतात, सीका म्हणतात त्यांना. तिथे हेटेराकिस नावाचा बारीक पांढरा जंत राहतो. परजीवी त्या जंताच्या अंड्यात शिरून बसतो. अंड्याच्या कवचाआड तो ओलसर मातीत वर्षानुवर्षं टिकतो. गांडूळ ती माती खातं, जंताची अंडी गांडुळात साठतात आणि पावसाच्या सरीनंतर वर आलेलं ते गांडूळ टर्कीचं पिल्लू आवडीने गिळतं. पावसाळ्यात मरतूक वाढण्यामागे हे एक मोठं कारण आहे. एकदा एका टर्कीला लागण झाली की दाटीवाटीत शेजारच्या टर्कीला ती विष्ठेतून थेट लागते, मग मध्ये जंताची गरजही उरत नाही.

हे कुणाच्या मनचं नाही. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथने 1895 मध्ये हा परजीवी दाखवला. 1920 मध्ये ग्रेबिल आणि स्मिथ यांनी टर्कींना हेटेराकिस जंताची अंडी खाऊ घालून रोग निर्माण करून दाखवला. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. अजून आपण हवेला दोष देतोय.

ओळखायचा कसा? डोकं काळं पडण्याची वाट पाहू नका. नावात असलं तरी ते क्वचितच दिसतं. लागणीनंतर साधारण 7 ते 12 दिवसांत पिल्लू मलूल होतं आणि विष्ठा हळदीसारखी गडद पिवळी येते. मेलेला पक्षी पशुवैद्यकांनी उघडला की यकृतावर, म्हणजे दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो तिच्यावर, गोल, मध्ये खोलगट, पिवळट-हिरवट डाग दिसतात. सीकाच्या नळ्या फुगून जाड झालेल्या, आत चीजसारखा घट्ट गोळा. एवढं चित्र दिसलं की अनुभवी डॉक्टरला फार शोधावं लागत नाही.

"मग गोळी कोणती देऊ?" हा पुढचा प्रश्न, आणि इथे निराशा करावी लागते. अमेरिकेत या रोगावर मान्यता असलेलं शेवटचं औषध, नायटारसोन, आर्सेनिकयुक्त असल्यामुळे 2015 अखेर बंद झालं. बाजारात तयार लसही नाही. मेडिकलमधून आणलेली माणसाच्या हगवणीची गोळी कुस्करून पाण्यात घालणं बंद करा. अंडी-मांसाच्या पक्ष्याला कोणतं औषध द्यायचं आणि नंतर किती दिवस ते खायचं नाही, हे पशुवैद्यकच सांगू शकतात. जंताचं औषध हेटेराकिसवर चालतं, म्हणून कोंबड्यांना ते नियमित द्यावं. पण परजीवी एकदा टर्कीच्या यकृतात पोचला की ते औषध त्याचं काही करत नाही.

"पण माझ्या मेव्हण्याकडे तीन वर्षं दोन्ही एकत्र आहेत!" असतील, आणि ते खोटं बोलत नाहीत. प्रत्येक अंगणातल्या जंतात हा परजीवी असतोच असं नाही. जमीन कोरडी असेल, कोंबड्या स्वच्छ हॅचरीतून आलेल्या असतील, टर्की मोठी झाल्यावर आणली असेल, तर वर्षं निघून जातात. नशीब साथ देतंय तोवर देतंय. बाजारातून आणलेली एक नवी गावरान कोंबडी ते गणित बदलू शकते.

एक चूक तर फारच महागात पडते. कोंबड्या विकून टाकायच्या आणि त्याच अंगणात दुसऱ्या महिन्यात टर्की सोडायची. कोंबड्या गेल्या, मातीतली अंडी कुठे गेली? टर्कीसाठी कोंबड्या कधी न फिरलेली जागा हवी, किंवा सिमेंटचा कोबा आणि त्यावर कोरडं तूस, किंवा जाळीचं उंच मचाण. भांडी वेगळी. कामाचा क्रमसुद्धा ठरवा: आधी टर्कीकडे, मग कोंबड्यांकडे, आणि चपला दोन्हीकडे वेगळ्या. खुडूक गावरान कोंबडीखाली टर्कीची अंडी बसवायची पद्धत जुनी आहे. तिच्या 21 दिवसांऐवजी 28 दिवस ती बसतेही. पण पिल्लं निघाली की तिच्यामागे अंगणात हिंडू देऊ नका.

दुसरा गैरसमज खाद्याचा, आणि तो रोगाइतकाच घातक. "कोंबडीचंच खाद्य घालतो, पक्षी तो पक्षीच." अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 1994 च्या शिफारशींत टर्कीच्या पिल्लाला पहिले 4 आठवडे 28 टक्के प्रथिनं सांगितली आहेत; अंड्यांच्या कोंबडीच्या पिल्लाला 18. हा झाला वाढीचा प्रश्न. जिवाचा प्रश्न गोणीच्या लेबलवर असतो. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध सॅलिनोमायसिन हे औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला जी मात्रा चालते तीच टर्कीला विषारी ठरते. पाय लुळे पडतात, पक्षी बसतो तो उठत नाही. मोठ्या टर्कीला हा धोका जास्त. सॅलिनोमायसिन किंवा त्याच्याच जातीचं नॅरासिन लिहिलेली गोणी टर्कीसमोर उघडू नका. सुट्टं खाद्य घेत असाल तर त्यात काय आहे हे दुकानदाराला विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका.

बाकीचे गैरसमज किरकोळ. कोंबडीची रक्ती हगवण टर्कीला लागत नाही. ती करणारे परजीवी, कॉक्सिडिया, दोघींचे वेगळे. मानमोडी मात्र दोघींना होते, लस दोघींनाही हवी. टर्की असली की साप-मुंगूस फिरकत नाहीत, हे खोटं. दिवसा आरडाओरडा करेल, रात्री ती आंधळीच. टर्की-कोंबडीची मिश्र पिल्लं घरी होत नाहीत. होतं ते एवढंच की टर्कीचा वजनदार नर कोंबडीवर चढतो आणि नखांनी तिची पाठ फाडतो.

मेलेला पक्षी खाम नदीत किंवा नाल्यात फेकू नका. एखादी टर्की पिवळी विष्ठा टाकून मेली असेल तर ती पिशवीत बांधून, बर्फात ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि शवविच्छेदन करायला सांगा. एकाच वेळी बरेच पक्षी, कोंबड्या धरून, पटापट मेले तर मात्र हात लावू नका, कुठे नेऊही नका. दवाखान्यात फोन करून डॉक्टरांनाच बोलवा. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात अशा मरतुकीतून बर्ड फ्लू निघाला होता.