लाटेवर स्वार झालेले इलेक्ट्रॉन

आपल्या गंगापूर धरणात मोटारबोट वेगाने गेली की तिच्यामागे लाट उठते. त्या लाटेच्या उतारावर एखादी फळी नेमकी बसली, तर दोरीने न बांधताही ती बोटीमागे धावते. वाईत जन्मलेले डॉ. चंद्रशेखर जोशी अशाच एका लाटेमागे लागले. त्यांची बोट म्हणजे लेसर आणि फळी म्हणजे इलेक्ट्रॉन.

लंडन विद्यापीठाची पदवी, १९७८ मध्ये हल विद्यापीठाची पीएच.डी., मग कॅनडा आणि १९८० पासून लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास. तिथल्याच ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ मध्ये एक कल्पना कागदावर मांडली होती. धातूच्या पोकळ्यांमधून कणांना वेग देताना विद्युतक्षेत्र फार वाढवले, तर ठिणग्या पडतात. म्हणून ही यंत्रे किलोमीटरच्या हिशेबात लांब होतात. प्लाझ्मा म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. तो आधीच मोडलेला, आणखी काय मोडणार? त्यात लेसरचा अतिलघू स्पंद सोडला की हलके इलेक्ट्रॉन बाजूला फेकले जातात, जड आयन जागीच राहतात. इलेक्ट्रॉन परत धाव घेतात आणि स्पंदामागे लाट उठते.

अडचण स्पंदाचीच होती. तो हवा फेम्टोसेकंदांच्या मापाचा. तीस फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम एक शतांश मिलिमीटर जातो! इतका लघू आणि तितकाच प्रखर लेसर तेव्हा कुठे होता? मग जोशींच्या गटाने त्याच निबंधात सुचवलेली दुसरी वाट धरली. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की आवाज हेलकावे घेतो. तसे किंचित वेगळ्या तरंगलांबीचे दोन लेसरकिरण एकत्र सोडून त्यांनी लाट उठवली. १९९३ मध्ये २१ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेंटिमीटरभर अंतरात ९१ लाखांवर पोहोचले. यात तेरा वर्षे गेली. अशी चिकाटी मला पारितोषिकांपेक्षा मोठी वाटते. अर्थात २००६ चे मॅक्सवेल पारितोषिकही त्यांना मिळाले.

दरम्यान, स्ट्रिकलँड आणि मुरू यांच्या १९८५ च्या युक्तीमुळे अतिलघू, प्रखर लेसर हाती आले. या युक्तीला २०१८ चे नोबेल मिळाले. जोशींनी मात्र लेसरऐवजी इलेक्ट्रॉनांचाच झोत बोटीसारखा वापरून पाहिला. स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांब यंत्रातून ४,२०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन आलेल्या काही इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अवघ्या ८५ सेंटिमीटर प्लाझ्मात दुप्पट झाली. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘काही’ हा शब्द महत्त्वाचा. झोताच्या शेपटाकडचे मोजकेच कण लाटेवर चढले, बाकीच्यांनी लाट उठवण्यात आपली ऊर्जा खर्च केली. उपयोगी यंत्रासाठी पुष्कळ कण एकसारख्या ऊर्जेने बाहेर पडायला हवेत.