दुपारची जागा

सव्वाआठ वाजलेत आणि मी गॅलरीत उभा राहून दात घासतोय. बावीस वर्षं या वेळेला मी डोंबिवलीच्या फलाटावर, डब्याचं दार जिथे येतं त्या जागेच्या दीड पाऊल अलीकडे, बॅग पोटाशी धरून उभा असायचो. आज मंगळवार, १२ मे २०२०. टाळेबंदीचा एकोणपन्नासावा दिवस. हा हिशेब माझा नाही, आईचा. ती गुढीपाडव्यापासून मोजते. त्या दिवशी गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही, आणि ते ती अजून विसरलेली नाही.

समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून रुळांचा एक तुकडा दिसतो. स्लो लाइनवर तांबूस थर चढल्यासारखा वाटतो. लेक म्हणते, तो गंज नाही बाबा, ऊन आहे. २२ मार्चच्या रात्री लोकल थांबल्या त्या थांबल्याच. आमच्या घरात बोलताना गाडी आली की जो तो वाक्य अर्ध्यावर सोडायचा आणि शेवटचा डबा गेला की उरलेलं अर्धं बोलायचा. इतकं अंगवळणी पडलेलं, की पाहुणे बुचकळ्यात पडायचे. आता वाक्यं एका दमात पुरी होतात. त्यामुळे भांडणं लवकर संपतात असं मला वाटतं. बायकोच्या मते लवकर सुरू होतात.

ती बेसिनपाशी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतेय. भाजीची पिशवी कालपासून दाराबाहेरच्या खुंटीला लटकतेय. तिला अजून घरात प्रवेश नाही. पेपर तर मार्चपासूनच बंद आहे. तळमजल्यावरच्या सिस्टर साडेपाचलाच गेल्या. मुंबईच्या एका हॉस्पिटलात त्या नर्स आहेत, हायवेपर्यंत चालत जाऊन एसटीने जातात. मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर 'त्यांनी तिकडेच राहण्याची सोय बघावी' असा निरोप फिरला. खाली सहा अंगठे. २२ मार्चला पाच वाजता याच सहाजणांनी गॅलरीत थाळ्या वाजवल्या होत्या, त्यातल्या एकाने तर कुकरचं झाकण. मी अंगठा दिला नाही. काही लिहिलंही नाही, तेव्हा फार शहाणपणा मिरवायला नको.

नऊला माझं ऑफिस उघडतं. म्हणजे इस्त्रीचं टेबल हॉलमध्ये येतं, त्यावर लॅपटॉप, लॅपटॉपखाली दोन दिवाळी अंक. मी अकाउंट्समध्ये आहे. एप्रिलचा पगार सत्तर टक्के आलाय, आणि तो तसा का आला याचा तक्ता बनवण्याचं काम माझ्याकडेच आहे. कॉल सुरू होतो. कुणाच्या तरी घरी मिक्सर फिरतोय. "कोणाचा आवाज आहे, प्लीज म्यूट करा," साहेब म्हणतात. मिक्सर थांबत नाही. मग साहेबच वळून कुणाला तरी म्हणतात, "अगं, दोन मिनिटं." साहेबांकडे ओलं खोबरं वाटतात, हे बावीस वर्षांत मला कळलं नव्हतं.

माझ्या पाठीमागून आई चालते. तिला हॉलमधून गॅलरीत जायचं असतं, आणि कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ती वाकून जाते. शहात्तर वर्षांची बाई, गुडघे धरून, मांजरासारखी. मी दहा वेळा सांगितलं, सरळ चाल, काही बिघडत नाही. "तुझं ऑफिस आहे," ती म्हणते. गॅलरीत प्लास्टिकवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्यात आणि कावळ्यांवर नजर ठेवायची जबाबदारी तिची. गच्ची सोसायटीने कुलूपबंद केलीय, म्हणून यंदा गॅलरी. तिथे ऊन पावणेअकराला येतं आणि सव्वाला पुढच्या इमारतीमागे जातं. हे मला आत्ता समजलं. घर घेतलं तेव्हा एजंटने 'भरपूर ऊन' असं सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पुढची सगळी वर्षं, रविवार सोडले तर, मी हे घर ट्यूबलाइटच्या उजेडातच पाहिलं.

आतल्या खोलीत लेक आहे. दहावी. भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, २३ मार्चचा. आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्द झाला. पुस्तक मात्र अजून तिच्या उशाशी आहे. राज्य मंडळाचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक म्हणजे भारत आणि ब्राझील, दोन देश शेजारी शेजारी ठेवून केलेली तुलना. हवामान, नद्या, लोकसंख्या. सुरुवातीला तिने ते आनंदाने कोपऱ्यात भिरकावलं होतं. मग बातम्यांत मनाउस शहर दिसलं, ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं, तांबड्या मातीत ओळीने खणलेले खड्डे. ती उठली, पुस्तक घेऊन आली आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "हे इथे आहे. हे मला येत होतं." परीक्षेत विचारलं जाणार नाही ते येत असल्याचं दुःख कसं करावं हे तिला कळेना, मलाही.

जेवणं दीडला आटोपतात. भांड्यांची पाळी आज माझी. कामाच्या मावशी मार्चपासून येत नाहीत. पगार त्यांना पोचतो आणि दर चार दिवसांनी त्यांचा फोन येतो. "वैनी, दादा भांडी नीट घासतात का?" बायको स्पीकर चालू ठेवून सांगते, "कढई सोडून." हे खरं आहे. कढईच्या कानाखाली जे काळं असतं ते मूळचंच असतं असं मी समजत होतो.

अडीचला मी पाण्यासाठी स्वयंपाकघरात जातो.

ती फरशीवर बसलीय. ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये जेमतेम दीड-दोन फुटांची जागा आहे, एरवी तिथे पिठाचा डबा असतो. डबा बाहेर काढलाय. तिची पाठ भिंतीला टेकलेली, पाय सरळ पुढे, पदराने मान पुसतेय. हातात मोबाइल नाही. निवडायला भाजी नाही. पंखाही नाही, कारण या खोलीत पंखा कधी बसवलाच नाही. मे महिन्यातल्या डोंबिवलीत, जिथे घाम वाळतच नाही, तिथे चार वेळच्या स्वयंपाकाच्या खोलीला पंखा नाही. माझी चाहूल लागते तशी ती पाय आवरते.

"काय हवंय?"

"पाणी."

ती उठायला लागते. मी म्हणतो, बस, घेतो मी. माठ तिच्या डोक्यामागे आहे, तेव्हा तिला उठावंच लागतं. मी पाणी पितो. ती ओट्याला टेकून उभी राहते, मी जाण्याची वाट बघत. काही बोलत नाही, पण मी कुणाच्या तरी रिझर्व्हेशनच्या सीटवर बसलोय असं मला स्पष्ट जाणवतं.

हॉलमध्ये परत येऊन बसतो आणि आकडे दिसेनासे होतात. दोन ते चार ही तिची वेळ होती. मला ऐकून माहीत होतं. सगळे गेले, आई आत लवंडल्या, की ती हॉलमधल्या फरशीवर पंख्याखाली उताणी पडायची. रेडिओ बारीक, पुरवणीतलं शब्दकोडं, चारला चहा एकटीने. "माझा चहा मी चारला घेते," हे ती पाहुण्यांना सांगायची तेव्हा मला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. आता त्या फरशीवर इस्त्रीचं टेबल आहे. शब्दकोडं पेपरबरोबर गेलं. रेडिओ लावला की माझा कॉल असतो. आणि 'घरात सगळे एकत्र आहेत, किती छान' असं मला फोनवर ज्या-त्या माणसाला सांगायची सवय लागलीय.

तीनचा कॉल आहे. मी लॅपटॉप उचलतो, चप्पल घालतो आणि आत सांगतो, "हॉल मोकळा आहे बरं का. मी जिन्यात बसतो."

जिन्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आधीच बसलेत. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, कानात बोंडं, नाकाखाली उतरलेला रुमाल. मला बघून ते रुमाल वर घेतात आणि पाच पायऱ्यांचं अंतर बोटांनी मोजून दाखवतात. मी खाली सरकतो. जिन्यात रेंज भिंतीला कान लावला तर मिळते. पाऊण तास आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून आपापल्या साहेबांना हो हो म्हणतो.

चारला दार हळूच ढकलून आत येतो. हॉलमध्ये, पंख्याखाली, फरशीवर, चटई टाकून आई घोरतेय. तिच्या उशाला लेक, मोबाइलवर काहीतरी बघून आवाज न करता हसतेय. स्वयंपाकघरात आधण ठेवल्याचा आवाज.

"तू पडायचंस ना," मी दाराशी उभा राहून कुजबुजतो.

"आई पडल्यात. रात्रभर उकाड्याने जाग्या होत्या." ती आल्याचा तुकडा ठेचते. "तुमचा अर्धाच कप करू? जिन्यात बसून कंबर धरली असेल."

तिने यात काही टोमणा मारलाय का, हे मी तपासतो. नाही. खरंच कंबर धरलीय.

संध्याकाळ आंब्यांची. देवगडहून थेट सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो आला होता, ग्रुपवर मागणी गोळा करून. आमची दोन डझनाची पेटी पलंगाखाली पेंढ्यात आहे. आई पलंगाखाली हात घालून एकेक फळ दाबून बघते आणि डॉक्टरसारखी सांगते, हा उद्या, हा परवा, हा आत्ताच. आत्ताचे चार निघतात. बाठा कुणाचा यावर लेक आणि आई यांचं रोजचं भांडण होतं. यंदा तिसरा वाटेकरी मी आहे, कारण एरवी मी येईपर्यंत बाठे संपलेले असायचे.

आठला पंतप्रधान बोलतात. वीस लाख कोटींचं पॅकेज. लेक विचारते, बाबा, यात शून्यं किती? मी बिलाच्या पाठीवर लिहून दाखवतो: दोनावर तेरा. आई बराच वेळ कागद बघते. "यातलं तुझं तीस टक्के कुठं आहे?" ती विचारते.

दिवे अकराला बंद होतात. झोप लागत नाही. साडेबाराच्या सुमारास लांबून आवाज येतो, जड, सावकाश. भांड्यांच्या मांडणीतली ताटं किणकिणायला लागतात.

"लोकल?" अंधारात आईचा आवाज.

"मालगाडी, आई."

ती गप्प होते. शुक्रवारी पहाटे करमाडजवळ सोळा मजूर रुळांवर झोपेत गेले. जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत, असं त्यांनाही वाटलं होतं. त्या दिवसापासून आई मालगाडीचा आवाज पूर्ण संपेपर्यंत कूस बदलत नाही. मीही डबे मोजत राहतो. आवाज संपत नाही.

घसा कोरडा पडलाय. उठतो. स्वयंपाकघरात जायला गॅलरीच्या दारावरून जावं लागतं, आणि दार अर्धं उघडं आहे. पापड्यांचं प्लास्टिक गुंडाळून बाजूला ठेवलंय. त्या जागी ती बसलीय, पाय कठड्याच्या गजांतून बाहेर सोडून. बाजूला रेडिओ, इतका बारीक की शब्द कळत नाहीत. हातात कप आहे.

माझं पाऊल पडलं तर ती विचारणार, काय हवंय.

मी तसाच मागे फिरतो आणि पाणी न पिता अंथरुणावर येऊन पडतो. ताटं अजून किणकिणताहेत.