दप्तर कोणाचे आणि किल्ली कोणाची?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील करमाड हे गाव गेल्या पंचवीस वर्षांत शेतीच्या अर्थव्यवहारातून कारखानदारीच्या अर्थव्यवहारात ओढले गेले आहे. जवळच शेंद्रा येथील औद्योगिक वसाहत वाढली. २००१ मध्ये स्कोडाचा मोटार कारखाना तेथे आला. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या योजनेत करमाड परिसरातील जमीन 'ऑरिक' या नव्या उद्योगनगरीसाठी घेतली गेली आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी त्या नगरीच्या प्रशासकीय इमारतीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. रस्ते, इमारती, धुरांडी ही या बदलाची दृश्य चिन्हे होत. परंतु मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांत दुसरा एक बदल फारसा गाजावाजा न होता घडत आहे. त्यांचे दप्तर कपाटातून उठून दूरच्या संगणकांवर जाऊन बसले आहे.

ज्या जिल्ह्यात हे घडते, त्या जिल्ह्याचे कागदाशी जुने नाते आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. त्या काळी कागद रुमालात बांधून ठेवीत, आणि दप्तर ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती कारभाराची नाडी असे. कागदाची जागा आता काचेच्या पडद्याने घेतली आहे; पण दप्तर आणि सत्ता यांचा हा संबंध तुटलेला नाही. आज लहान उद्योजकाने विचार करावयाचा तो याच संबंधाचा.

एका आकड्याची किंमत

ज्याला 'क्लाउड' असे काव्यमय नाव मिळाले आहे, ती व्यवस्था समजण्यास अवघड नाही. कागदपत्रे स्वतःच्या यंत्रावर न ठेवता एखाद्या कंपनीच्या मोठ्या संगणकगृहात भाड्याने जागा घेऊन ठेवावयाची, आणि इंटरनेटवरून ती हवी तेव्हा, हवी तेथे उघडावयाची, इतकाच तिचा अर्थ. ॲमेझॉनने अशी जागा भाड्याने देण्यास २००६ मध्ये प्रारंभ केला. गूगलचे 'ड्राइव्ह' २०१२ मध्ये आले. चेन्नईच्या झोहोसारखी भारतीय कंपनीही या व्यवसायात आहे. दरमहा दरमाणशी ठरावीक भाडे द्यावे आणि एकाच कागदावर मालक, पर्यवेक्षक व हिशेबनीस या तिघांनी आपापल्या जागेवरून काम करावे, अशी ही सोय आहे. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद आपोआप राहते, आणि जुनी प्रतही मागे जाऊन पाहता येते.

या सोयीचे मोल पाच-पंचवीस कामगारांच्या कारखान्यात चटकन कळते. समजा, मोठ्या ग्राहकाने एका सुट्या भागाचे ड्रॉइंग बदलले आणि छिद्राचा व्यास दशांश मिलिमीटरने वाढविला. सुधारित ड्रॉइंग मालकाच्या ईमेलवर आले, पर्यवेक्षकाच्या मोबाइलवर मात्र जुन्याच ड्रॉइंगचे छायाचित्र राहिले. कामगाराने प्रामाणिकपणे, परंतु जुन्या मापाने हजार नग तयार केले आणि ते सारे नापास होऊन परत आले. येथे यंत्र चुकले नाही, कामगारही चुकला नाही. चुकले ते दप्तर. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरे' अशा नावांच्या चार प्रती चार ठिकाणी ज्या कारखान्यात असतात, तेथे एकही प्रत अंतिम नसते. सर्वांनी एकच प्रत पाहावी आणि ती बदलण्याचा अधिकार एकाकडेच असावा, एवढी शिस्त या नव्या व्यवस्थेने साधली तरी तिचे भाडे वसूल झाले असे म्हणता येईल.

कायद्याची मदत कागदाला

प्रश्न केवळ नापास मालाचा नाही. लहान उद्योगाचे खरे दुखणे उशिरा मिळणाऱ्या पैशांचे आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांना या बाबतीत मोठे संरक्षण दिले. करारात काहीही लिहिले असले तरी मालाचा स्वीकार झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे दिलेच पाहिजेत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे, अशी देणी मुदतीत न भागविणाऱ्या ग्राहकाला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखविता येत नाही.

हा कायदा बारकाईने वाचला तर त्याचा सारा डोलारा तारखांवर उभा आहे असे दिसते. माल कोणत्या दिवशी पोहोचला? ग्राहकाने त्यावर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली काय? घेतली नसेल तर माल पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस मानला जातो. म्हणजे सही-शिक्क्याचे चलन, मागणीचा आदेश, बीजक आणि पत्रव्यवहार एकत्र दाखविता आला तर कायदा लहान कारखानदाराच्या पाठीशी उभा राहतो. चलन हरवले तर तोच कायदा केवळ पुस्तकात राहतो. इलेक्ट्रॉनिक नोंदीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली आहे. परंतु १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे ती पुराव्यादाखल सादर करताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. मोबाइलच्या पडद्याचे छायाचित्र जपले आणि मूळ नोंद गमावली, तर हे प्रमाणपत्र देणे कठीण होऊन बसते. वस्तू व सेवा कराचे हिशेबही वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने राखून ठेवावे लागतात. सहा वर्षांपूर्वीचे बीजक पाच मिनिटांत सापडणे हा त्यामुळे हौसेचा विषय राहिलेला नाही.

किल्लीचा प्रश्न

येथवर नव्या व्यवस्थेची बाजू भक्कम आहे. परंतु भाड्याच्या घरात राहणाऱ्याने किल्ली कोणाजवळ आहे हे विचारलेच पाहिजे. अनेक लहान कारखान्यांचे खाते मालकाच्या पुतण्याच्या किंवा एखाद्या संगणक जाणणाऱ्या मुलाच्या खाजगी ईमेलवर उघडलेले असते. परवलीचा शब्द त्याच्या डोक्यात आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर. तो नोकरी सोडून पुण्याला गेला की कारखान्याचे सारे दप्तर त्याच्याबरोबर पुण्याला जाते. यात त्याची लबाडी असतेच असे नाही. मालकाने किल्ली मागितलेलीच नसते. करसल्लागाराच्या मोबाइलवर जोडलेल्या खात्यांचीही गत याहून फार निराळी नाही.

दुसरी किल्ली घरमालकाकडे असते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध जाहीर केल्यानंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा थांबविल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्या महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्याच ईमेलसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, तर भाडे भरण्याची तारीख चुकलेल्या लहान कारखानदाराने कोणाचे दार ठोठवावे? ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार, इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांची प्रत भारतातील संगणकावर रोजच्या रोज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे, त्यामागे असाच विचार आहे. एकल मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्यांना हा नियम लागू नाही. पण त्यातील शहाणपण त्यांनाही लागू पडते.

तिसरा धोका गैरसमजाचा आहे. कागद क्लाउडवर चढला की तो अमर झाला अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः एका ठिकाणी पुसलेला कागद जोडलेल्या सर्व यंत्रांवरून पुसला जातो, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतून तो ३० दिवसांनी कायमचा नाहीसा होतो. खंडणीखोर विषाणूने एका यंत्रावरील फायली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद प्रतीच सर्वत्र पोहोचू शकतात. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा जाणकारांचा जुना नियम आजही मोडीत निघालेला नाही. महिन्याकाठी एक हार्ड डिस्क भरून ती कारखान्याबाहेर ठेवणे करमाडच्या कोणत्याही उद्योजकाला परवडण्यासारखे आहे.

कारकुनाची विद्या

सर्वांत मोठी उणीव मात्र यंत्राची नाही, दप्तरी शिस्तीची आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयात जी सुधारणा केली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. संगणकाचा आधार नसताना कागदांची वर्गवारी, अभिलेखांची मांडणी आणि कामाच्या जागेची नीट व्यवस्था एवढ्यावर तिचा भर होता. महाराष्ट्रातील सरकारी कारकून आवक-जावक बारनिशी ठेवतो, सहा गठ्ठे लावतो, कोणता कागद कायमचा आणि कोणता काही वर्षांनी नष्ट करावयाचा हे अ, ब, क, ड अशा वर्गांनी ठरवितो. या पद्धतीची टिंगल करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. पण क्लाउडवर हजारो फायली टाकून बसलेल्या आणि हवी ती न सापडणाऱ्या कारखानदाराला नेमकी हीच विद्या हवी आहे. फाइलचे नाव कसे द्यावे, तारीख कोठे लिहावी, कोणाला वाचण्याचा आणि कोणाला बदलण्याचा अधिकार असावा, काम सोडणाऱ्याचा अधिकार त्याच दिवशी कसा काढून घ्यावा, हे सारे दप्तरदारीचेच प्रश्न आहेत. अव्यवस्थित कपाट ढगात नेऊन ठेवले तर मिळतो तो अव्यवस्थित ढग, वर त्याचे मासिक भाडे.

येथे शिक्षणसंस्थांना करण्यासारखे बरेच आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी रोजकीर्द आणि खतावणी शिकतो. त्याच्याच जोडीला कारखान्याचे इलेक्ट्रॉनिक दप्तर लावण्याचे प्रात्यक्षिक का शिकू नये? एका लहान कारखान्याला पूर्णवेळ दप्तरदार परवडणार नाही. परंतु एकाच वसाहतीतील पाच-सात कारखान्यांनी मिळून असा एक शिकलेला तरुण नेमला तर त्यांचे काम भागेल आणि करमाड परिसरातील ज्या घरांची जमीन उद्योगनगरीत गेली, त्या घरांतील मुलामुलींना यंत्रावरील हंगामी मजुरीपलीकडची वाट दिसेल. उद्योजकांच्या संघटनांनीही वर्षातून एकदा आपल्या सभासदांना तीन साधे प्रश्न विचारावेत. खाते कारखान्याच्या नावावर आहे काय? सर्व कागद उतरवून घेऊन उद्या दुसरीकडे जाता येईल काय? आणि परवलीचे शब्द मालकाखेरीज आणखी एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक आहेत काय?

या तीन प्रश्नांना ज्याच्याकडे होकारार्थी उत्तर आहे, त्याने क्लाउडचा खुशाल उपयोग करावा. त्याचा लाभच होईल. ज्याच्याकडे ते नाही, त्याने दप्तर कोठे ठेवले आहे हे गौण आहे, कारण ते त्याचे राहिलेलेच नाही. लहान उद्योगाची पत यंत्रांवर जितकी अवलंबून असते तितकीच, केलेले काम आणि येणे असलेला पैसा सिद्ध करून दाखविण्याच्या त्याच्या सामर्थ्यावर असते. ते सामर्थ्य भाड्याच्या जागेत ठेवण्यास हरकत नाही. तिची किल्ली मात्र स्वतःच्या कमरेला हवी.