बाबा, बिडी आणि बीटा

पुण्यात नोकरी करणारी आम्ही मुलं घरी जाताना काय नेतो? पूर्वी बाकरवडी न्यायचो, आता सप्लिमेंट्स. आईला कॅल्शियम, बाबांना ओमेगा-थ्री. वर्षातून दोनदा तोंड दाखवायचं, तर निदान डबी तरी महागडी हवी ना!

मागच्या दिवाळीत महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गोंदियाला उतरले, तेव्हा माझ्याही सॅकमध्ये अशीच एक डबी होती. बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो वयामुळे झिजायला लागला होता. डॉक्टरांनी कॅप्सूल सुचवल्यात, एवढंच आईनं फोनवर सांगितलं. चिठ्ठीचा फोटो मागवायचं मला सुचलं नाही. मेडिकलमध्ये गेले आणि जिच्यावर डोळ्याचं सगळ्यात मोठं चित्र होतं ती डबी उचलली.

"काहून वं, इतके पैसे काहून घालवले?" बाबा म्हणाले. पण डबी शेजारच्या काकांना दाखवून आले.

दुसऱ्या दिवशी चेकअपला सोबत गेले. डॉक्टरांनी डबी उलटी केली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि बाबांकडे पाहिलं.

"काका, बिडी?"

"सोडली जी. सात वर्षं झाले."

"त्याआधी?"

"रोज एक कट्टा. कधी दोन."

"मग ही घ्यायची नाही," डॉक्टर म्हणाले आणि डबी माझ्याकडे सरकवली. तिच्यात बीटा कॅरोटिन होतं.

मला धक्काच बसला. बीटा कॅरोटिन म्हणजे गाजरातलं ना? ते कधीपासून वाईट झालं? डॉक्टरांनी समजावलं आणि रात्री मी स्वतःही वाचून काढलं. फिनलंडमध्ये 29 हजारांहून जास्त सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. बीटा कॅरोटिननं फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल, अशी आशा होती. 1994 साली निकाल आला तो उलटाच. रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी तर 1996 मध्ये वेळेआधीच थांबवावी लागली.

गंमत म्हणजे डोळ्यांच्या कॅप्सूलचा मूळ फॉर्म्युला 2001 चा, आणि त्यात बीटा कॅरोटिन होतंच. 2013 मध्ये तो सुधारला गेला. बीटा कॅरोटिन बाहेर, त्याजागी 10 मिलिग्रॅम ल्युटिन आणि 2 मिलिग्रॅम झियाझँथिन. त्या अभ्यासात बीटा कॅरोटिन घेऊन फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्यांत बहुतेक जण बिडी-सिगरेट सोडून दिलेलेच होते. म्हणजे अगदी माझे बाबा! आणि तेंदूपत्त्याच्या आमच्या जिल्ह्यात असे बाबा गल्लोगल्ली आहेत.

गाजर-पपई खायला काही हरकत नाही, बरं का. भानगड आहे ती रोजच्या मोठ्या डोसची.

ल्युटिन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं मॅक्युलात खरोखरच साठतात. शरीर ती स्वतः बनवत नाही, खाण्यातूनच मिळवावी लागतात. कॅप्सूलमधलं ल्युटिन बहुतेक वेळा झेंडूच्या फुलांतून काढतात. कर्नाटक-तमिळनाडूत त्यासाठी झेंडूची शेतीही होते. दारावरच्या तोरणाकडे बघून बाबा म्हणाले, "म्हणजे हेच फूल मी पुण्याहून मागवतो का?" आईचं मत वेगळंच. परसात मुनगा आहे, पालक आहे, तेलाची फोडणी घालून भाजी केली की झालं. तिचंही चूक नाही. ही द्रव्यं तेलाशिवाय नीट अंगी लागत नाहीत. पण बाबांचा आजार ज्या टप्प्यावर आहे, तिथे नुसत्या भाजीवर भागत नाही. कॅप्सूलनंही गेलेली नजर परत येत नाही. आजार पुढच्या गंभीर टप्प्यात जायचा धोका साधारण पाव हिश्शानं कमी होतो, बस्स.

आणि आपलं काय, दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांचं? मीही लगे हाथ विचारलं. डॉक्टर हसले. डोळे धड असतील तर हा फॉर्म्युला आपल्यासाठी नाहीच. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे चुरचुरतात. त्याला उपाय म्हणजे अधूनमधून मान वर करून लांब बघायचं. फुकट!

परत आल्यावर ती डबी मी ड्रॉवरमध्ये टाकली. बाबांना चिठ्ठीप्रमाणे बिनबीटाची घेऊन दिली. डॉक्टरांनी एक चौकटींचा कागदही दिलाय, मध्ये काळा ठिपका असलेला. एकेक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आईनं तो फ्रिजवर चिकटवलाय. रोज सकाळी मी ऑफिसच्या बसमध्ये असते तेव्हा बाबांचा मेसेज येतो: "रेघा सरळ."