दोन फुटी रीफ टाकीत कोणाचं कोणाशी पटतं?

माझी टाकी दोन फुटी, साधारण १०० लिटरची. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, “निमो आणि डोरी दोघं ठेव ना!” निमो, म्हणजे ऑसेलारिस क्लाउनफिश, जरूर ठेवा. फक्त जोडीत एक लहान, एक मोठा घ्या. हे सगळे जन्मतः नर. जोडीतला वरचढ मासा मादी होतो, त्यामुळे भांडण लवकर मिटतं. डोरी, म्हणजे ब्लू टँग, मात्र नको. दुकानात बोटाएवढा दिसतो, वाढून फूटभर होतो.

डॅमसेल स्वस्त आणि देखणा म्हणून मी सुरुवातीलाच एक आणला. पठ्ठ्याने दगडामागची जागा बळकावली आणि नंतर आलेल्या फायरफिशला कोपरा सोडू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फायरफिश फरशीवर वाळलेला! घाबरला की तो उडीच मारतो. तेव्हापासून टाकीवर बारीक जाळी आहे, आणि क्रमही ठरलाय: भित्रा मासा आधी, दांडगा शेवटी.

माझी लाडकी जोडी म्हणजे पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्टल कोळंबी. कोळंबीची नजर अधू. ती बीळ उकरते, वाळू बाहेर ढकलते, पण एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली. गोबीने शेपूट थरथरवली की दोघं आत!

मँडरिन दिसला की मात्र हात आवरा. तो दगडांवरचे इवलेसे कोपेपॉड टिपून जगतो. छोट्या टाकीत ते संपतात, आणि मासा हळूहळू उपाशी मरतो. कुठलाही मासा घेताना दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर खायला घाला. खाल्लं नाही तर पैसे काढू नका.